बर्फावरचा मासा, बर्फाखालचा मासा

गणेश पेठेतल्या मासळी बाजारात परवा मावशींनी बांगड्याचा कल्ला अंगठ्याने उचलून आतला लाल रंग दाखवला. खाली बर्फाचा चुरा, त्याचं पाणी फरशीवर ठिबकतंय. माशाचा बर्फाशी संबंध आपल्याकडे येतो तो असा, मासा मेल्यावर. उत्तर ध्रुवाभोवतीच्या ध्रुवीय कॉडचा तो जन्मापासूनच असतो.

रशियन निसर्गअभ्यासक इव्हान लेपेखिन यांनी १७७४ साली या माशाचं वर्णन केलं. शास्त्रीय नाव बोरिओगॅडस सैदा. वीतभर लांब, सडपातळ, पाठ तपकिरी, पोट चंदेरी. अटलांटिक कॉडसारखा तगडा भाऊबंद बाजारात असताना याला कोण विचारणार?

शास्त्रज्ञांना कोडं पडलं ते त्याच्या रक्ताचं. समुद्राचं खारं पाणी उणे १.९ अंशाला गोठतं. बहुतेक माशांचं रक्त मात्र त्याच्या बरंच आधी, शून्याखाली एका अंशाच्या आतच गोठू लागतं. मग हे मासे जिवंत कसे? १९६९ मध्ये आर्थर डीव्रीज यांनी दक्षिण ध्रुवाकडच्या माशांच्या रक्तात साखर जोडलेली प्रथिनं दाखवली. ही प्रथिनं बर्फाच्या बारीक स्फटिकाला चिकटतात आणि त्याची वाढ थांबवतात. ध्रुवीय कॉडकडेही जवळजवळ तशीच प्रथिनं आहेत. दोघांचा पूर्वज एकच असणार असं कुणालाही वाटेल, पण १९९७ मध्ये जनुकं तपासली तेव्हा कळलं की दोघांनी ही युक्ती स्वतंत्रपणे कमावली आहे.

उत्तर ध्रुवाशी पुण्याचं जुनं नातं आहे. १९०३ साली टिळकांनी आर्यांचं मूलस्थान तिथे असल्याचं मांडलं, ते ऋचांमधल्या लांबलचक रात्रीच्या आणि उषेच्या वर्णनांवरून. त्या सिद्धांताचं काय व्हायचं ते झालं, पण या माशाचं पंचांग खरोखरच त्या रात्रीवर चालतं. ऐन हिवाळ्यात तो अंडी घालतो. अंडी तरंगत वर येतात आणि बर्फाच्या खालच्या बाजूला विसावतात. पिल्लं बाहेर पडतात तोवर उजेड परतू लागलेला असतो. शेवाळ वाढतं, ते खाणारे कोपेपॉड हे तेलकट, बारीक कवचधारी जीव वाढतात आणि पिल्लं त्यांवर पोसतात.

हा मासा किती महत्त्वाचा, हे मात्र कळलं ते त्याला खाणाऱ्यांकडून. सील, बेलुगा आणि नारव्हाल हे देवमासे, समुद्रपक्षी, ज्याचं पोट तपासावं त्यात हा. कॅनडातल्या लँकेस्टर साउंडमधल्या अभ्यासातून १९९२ मध्ये हिशेब मांडला गेला: कोपेपॉडसारख्या बारीक जीवांकडून वरच्या प्राण्यांकडे जाणाऱ्या ऊर्जेतला जवळपास पाऊण हिस्सा या एका माशातून जातो. सगळा डोलारा एकाच खांबावर!

माणसानेही हात मारून पाहिलाच. बॅरेंट्स समुद्रात सोव्हिएत जहाजांची पकड १९७१ च्या सुमारास साडेतीन लाख टनांच्या घरात गेली आणि लवकरच घसरली. मध्य आर्क्टिकमध्ये मात्र क्वचित दिसणारं शहाणपण दाखवलं गेलं. २०१८ मध्ये नऊ देश आणि युरोपीय संघ अशा दहा जणांनी सही केली की तिथे व्यापारी मासेमारी सुरूच करायची नाही. करार २०२१ पासून लागू आहे, १६ वर्षांसाठी.

पण जाळी थांबली म्हणून पाणी गार राहत नाही. ३ अंशांच्या पुढे वाचणाऱ्या अंड्यांचं प्रमाण झपाट्याने घसरतं. हडसन उपसागराच्या उत्तरेला कोट्स बेटाच्या कड्यावर पक्षी चोचीत मासा धरून पिल्लाकडे परततात, तेव्हा अभ्यासक तो मासा ओळखून नोंद करतात. १९८० च्या दशकाच्या मध्यावर अशा घासांपैकी ४३ टक्के ध्रुवीय कॉड होता. नव्वदचं दशक संपता संपता १५ टक्के उरला. बर्फ लवकर विरघळू लागला होता, आणि पिल्लांच्या वाट्याला कॅपेलिन हा दुसराच छोटा मासा येऊ लागला होता.