घरची प्रायव्हेट लिमिटेड एलएलपी करायची आहे? आधी बँकेचा चार्ज बघा

दोन भाऊ, धाकट्याची बायको आणि कधीकाळी ‘सहीपुरती’ घेतलेली आत्या, अशी भागधारक मंडळी असलेल्या कंपनीला एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी संस्था, होता येतं. त्याचा आधार म्हणजे एलएलपी कायदा 2008, कलम 56 आणि तिसरी अनुसूची. कंपनीचे सगळे भागधारक भागीदार झाले पाहिजेत आणि त्यांच्याखेरीज कोणीही नको, ही पहिली अट. म्हणजे आत्याला परस्पर वगळता येत नाही, नव्या सुनेला त्याच अर्जात घुसवताही येत नाही. शेअर इकडचे तिकडे करायचे ते आधी.

खरी अडचण दुसऱ्या अटीत आहे. अर्जाच्या वेळी कंपनीच्या मालमत्तेवर कोणताही चार्ज, म्हणजे कर्जापोटी नोंदवलेला तारणाचा बोजा, नको. मुदत कर्ज फिटलं म्हणून लोक निर्धास्त असतात, पण स्टॉक तारण ठेवून घेतलेली कॅश क्रेडिट लिमिटही यातच येते. खातं बंद करून सीएचजी-4 (चार्ज फिटल्याचा फॉर्म) भरा, चार्ज उतरल्याची नोंद कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर दिसू द्या, मग पुढचं.

कराचं गणित वेगळं. रूपांतरावर भांडवली नफ्याचा कर नको असेल तर मागच्या तीनपैकी एकाही वर्षी उलाढाल 60 लाखांवर आणि पुस्तकी मालमत्ता 5 कोटींवर गेलेली नसावी. 60 लाख म्हणजे आजच्या एखाद्या बऱ्या वर्कशॉपची काही महिन्यांची बिलं. ही मर्यादा मला तरी हास्यास्पद वाटते. शिवाय नफ्याचा वाटा शेअरच्याच प्रमाणात, जुन्या भागधारकांकडे 5 वर्षं किमान 50 टक्के वाटा, आणि साठलेल्या नफ्याला 3 वर्षं हात लावायचा नाही. या अटींत न बसणारी कंपनीही एलएलपी होऊ शकते, फक्त करसवलत मिळत नाही. वापरायचं राहिलेलं मॅट क्रेडिट (किमान पर्यायी कर म्हणून जादा भरलेल्या कराची पुढे मिळणारी वजावट) मात्र सवलत मिळो वा न मिळो, बुडतं.

अर्ज दोन फॉर्मचा: रूपांतराचा फॉर्म 18 आणि एलएलपीच्या नोंदणीचा फिलिप (FiLLiP). सोबत सर्व भागधारकांची संमती, सीएने प्रमाणित केलेलं मालमत्ता-देण्यांचं विवरण, धनकोंची यादी व त्यांची संमती, शेवटच्या आयकर विवरणपत्राची पोच. आरओसीकडची (कंपनी निबंधकांकडची) जुनी विवरणं थकलेली असतील तर ती आधी भरा. नियुक्त भागीदार, म्हणजे कायदेशीर पूर्ततेची जबाबदारी असलेले, किमान दोन, त्यातला एक भारतात राहणारा.

प्रमाणपत्र हाती आलं की 15 दिवसांत रूपांतराची खबर आरओसीला देणारा फॉर्म 14, 30 दिवसांत मुद्रांक लावलेला भागीदारांचा करार फॉर्म 3 सोबत. पॅन नवं, जीएसटी नोंदणी नवी. मालमत्ता कायद्यानेच एलएलपीकडे येते, तरी जागेच्या दप्तरी नाव लावून घ्यावं लागतं. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर तिथली चौकशी अर्जाआधीच करून ठेवा. आणि लेटरहेड छापताना घाई नको: पहिले 12 महिने प्रत्येक अधिकृत पत्रावर जुन्या कंपनीचं नाव आणि तिचं रूपांतर झाल्याचा उल्लेख लागतो.