रॉस तीन सीझन २९ वर्षांचाच कसा राहिला: सिटकॉममधल्या कंटिन्यूटीची पार्श्वभूमी

फ्रेंड्स या अमेरिकन सिटकॉममधला, म्हणजे विनोदी मालिकेतला, रॉस तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या अशा तिन्ही सीझनमध्ये २९ वर्षांचाच असतो, हे आता मालिका धड न बघितलेल्या माणसालाही माहीत असतं. पण ही चूक नेमकी कधी झाली असं विचारलं तर उत्तर सरळ नाही. लिहिली गेली नव्वदच्या दशकात, आणि तेव्हा दर आठवड्याला एक भाग बघणाऱ्या कुणाला ती टोचली नाही, टोचायला लागली कितीतरी नंतर. सिटकॉमच्या लेखकांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण मला विचाराल तर मालिका बघायची आपली पद्धत बदलत गेली आणि तिच्याबरोबर चुका उघड्या पडत गेल्या, एवढाच हा इतिहास आहे.

अगदी सुरुवातीला, म्हणजे १९४७ च्या आसपास, अमेरिकेत सिटकॉम लाइव्ह व्हायचे आणि प्रक्षेपण झालं की संपलं. १९५१ ला आय लव्ह लूसी आली ती फिल्मवर, तीन कॅमेरे एकदम चालू आणि समोर खरेखुरे प्रेक्षक. फिल्मवर असल्यामुळे जुने भाग परत दाखवता आले, आणि नायिका खऱ्या आयुष्यात गरोदर राहिल्यावर नवे भाग कमी पडायला लागले तेव्हा ते दाखवलेही गेले. तिथली शेजारीण एथेल, तिचं मधलं नाव वेगवेगळ्या भागांत लुईझ, रॉबर्टा आणि मे असं तीन प्रकारचं आहे. तेव्हा कोण मोजत बसणार होतं!

इथे शब्दाचा एक घोळ आहे, आणि तो न सोडवता पुढे गेलं की सगळं एकाच पिशवीत पडतं. आपल्याकडे शूटिंगच्या युनिटमध्ये कंटिन्यूटी म्हणतात ती वेगळी, म्हणजे मागच्या शॉटमध्ये कप डाव्या हातात होता का, ओढणी कुठल्या खांद्यावर होती, पदराची पिन कुठे होती, हे असिस्टंट फोटो काढून ठेवतो आणि तरी एखादा जर्क, म्हणजे दोन शॉट न जुळणं, राहतोच. प्रेक्षकांसमोर शूट होणाऱ्या सिटकॉममध्ये हा जर्क जवळपास अटळच, कारण एकाच सीनचे दोन-तीन टेक होतात, एडिटर ज्या टेकला हशा चांगला आलाय तो उचलतो, आणि अर्धं वाक्य एका टेकमधलं अर्धं दुसऱ्यातलं असं जोडलं की ग्लासातलं पाणी आपोआप वर-खाली होतं. ते कळत असतं. हशा आणि ग्लास यात हशा निवडला जातो, आणि योग्यच आहे ते.

दुसरी कंटिन्यूटी गोष्टीची. वय, वाढदिवस, कोण कुणाला कधी भेटलं, घराचा नंबर. वर्षाला २२-२४ भाग, लेखकांच्या खोलीत दहा-बारा माणसं, दर सीझनला त्यातली काही बदलणार, आणि रॉसचं वय मागे काय सांगितलं होतं हे कुणाला तरी आठवेल या भरवशावर काम. रॉसची बहीण मोनिका, तिच्या घराचा नंबर आधी ५ होता, मग लक्षात आलं की खिडकीतून दिसतंय ते पाहता घर बऱ्याच वरच्या मजल्यावर असणार, म्हणून तो २० झाला आणि समोर राहणाऱ्या चँडलर-जोईच्या घराचा ४ चा १९. हे मुद्दाम सुधारलेलं आहे, आणि तरी लोक ते चुकांच्या यादीत टाकतात.

सत्तरच्या दशकातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हॅपी डेजचं. १९७४ ला मालिका सुरू झाली तेव्हा कनिंगहॅम कुटुंबात तीन मुलं होती, थोरला चक, बास्केटबॉल खेळणारा. त्याला देण्यासारखं काही सापडेना, त्यात नट बदलून झाला, आणि दुसऱ्या सीझननंतर चक गायब. मेला नाही, परगावी गेला नाही, कुणी नावही काढलं नाही. १९८४ च्या शेवटच्या भागात तर बाप उभा राहून आपल्या दोन्ही मुलांची लग्नं झाली असं समाधानाने बोलतो. दोन्ही! पुढे फॅमिली मॅटर्समधली धाकटी ज्युडी अशीच चौथ्या सीझननंतर नाहीशी झाली, आणि आता असं पात्र हरवलं की त्याला चकचंच नाव देतात. त्यापेक्षा बिविच्डने १९६९ ला नायिकेचा नवराच दुसरा नट आणून बसवला ते परवडलं, निदान माणूस घरात तरी होता. आपल्या डेली सोपवाल्यांना याची इतकी सवय आहे की आजपासून ही भूमिका अमुक करणार अशी पट्टी आली की आपण चहाचा घोट घेऊन पुढे बघतो.

हे सगळं बदललं ते पुनःप्रक्षेपणाच्या धंद्यामुळे. अमेरिकेत साधारण १०० भाग झाले की मालिका गावोगावच्या स्टेशनांना विकली जायची आणि मग रोज, ठरलेल्या वेळी, एकापाठोपाठ एक लागायची. लेखकाने वर्षभराच्या अंतराने लिहिलेली दोन वाक्यं बघणाऱ्याला महिन्याभराच्या आत ऐकू येणार. आपल्याकडे केबलवरही आम्ही फ्रेंड्स असंच बघितलं, रोज संध्याकाळी. पहिल्या भागात रेचेल लग्नाच्या पांढऱ्या ड्रेसमध्ये कॅफेत शिरते आणि मोनिका एकेकाची ओळख करून देते, हा चँडलर, ही फीबी, हा जोई, आणि माझा भाऊ रॉस तुला आठवतोच, म्हणजे तिच्या आधीच्या ओळखीचा फक्त रॉस. मग पाचव्या सीझनचा थँक्सगिव्हिंग या अमेरिकन सणाचा भाग आला की दिसतं, १९८७ ला चँडलर कॉलेजातून रॉसबरोबर त्याच्या घरी जेवायला आलेला आणि रेचेलही तिथेच. अधूनमधून बघणाऱ्याला काही खुपत नाही, पण रोज बघणारा उठून बसतो. पुढे डीव्हीडी आल्या आणि मागे जाऊन खात्री करणं अगदीच सोपं झालं.

आता ज्यावर अजूनही भांडणं होतात ती गोष्ट. चिअर्स या बॉस्टनच्या एका बारमध्ये घडणाऱ्या मालिकेत डॉ. फ्रेझर क्रेनने आपले वडील वारलेत आणि ते संशोधक होते असं सांगितलेलं. भावाचा उल्लेखच नाही. १९९३ ला त्याच पात्राची वेगळी मालिका निघाली, मुद्दाम दूर सिएटलला नेली म्हणजे जुनी माणसं सारखी डोकावायला नकोत, आणि तिथे वडील चक्क जिवंत, निवृत्त पोलिस, कुत्रा आणि एक फाटकी आरामखुर्ची घेऊन पोराच्या महागड्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. वर नाइल्स नावाचा भाऊ, कारण कास्टिंगवाल्यांना एक नट असा दिसला जो थेट तरुणपणीच्या फ्रेझरसारखा होता. मालिकेचा सगळा डोलारा या बापावर आणि भावावर उभा, तेव्हा जुनं वाक्य पाळायचं म्हणून त्यांना सोडून देणं शक्यच नव्हतं.

दीड वर्ष यावर मालिका गप्प राहिली. मग १९९५ ला चिअर्समधला बारवाला सॅम पाहुणा म्हणून आला. दिवाणखान्यात बसून तो साधेपणाने म्हणतो की तू तर वडील वारलेत म्हणाला होतास, संशोधक होते म्हणाला होतास, आणि म्हातारा तिथेच बसलेला. फ्रेझर गडबडतो आणि कबूल करतो की तेव्हा आमचं भांडण झालं होतं, मी रागात होतो. बस, एवढंच! पण त्या एका वाक्याने बॉस्टनमधली सगळी वर्षं वेगळी दिसतात, पोलिस बापाची लाज वाटणारा, बारमध्ये खोटा बाप रचून सांगणारा मुलगा दिसतो, आणि तोच तर या मालिकेचा विषय आहे.

याला रेटकॉन म्हणायचं का चूक? रेटकॉन हे रेट्रोअॅक्टिव्ह कंटिन्यूटीचं छोटं रूप, तो मूळ शब्दप्रयोग आला अमेरिकन कॉमिक्सच्या वाचकपत्रांतून, १९८३ च्या सुमाराला, आणि त्याचा अर्थ आधी सांगितलेल्या गोष्टीला मागाहून नवा अर्थ देणं, म्हणजे जुनं खोटं न पाडता ते वेगळ्या उजेडात ठेवणं. आता मात्र नेटवर कुठलीही विसंगती दिसली की लोक रेटकॉन म्हणून मोकळे होतात, रॉसचं वयही रेटकॉन, चकही रेटकॉन. हे बरोबर नाही. रॉसच्या वयाला कुणी अर्थ दिलेला नाही, तिथे नोंद ठेवायची राहिली. चकचं तर नावच टाकलं. एका पक्षाचं म्हणणं असं की फ्रेझरच्या बाबतीतही आधी चूकच झाली आणि नंतरचं वाक्य म्हणजे सारवासारव. मान्य, क्रम तोच आहे. पण सारवताना त्या माणसाबद्दल काहीतरी खरं सापडलं असेल तर ते लेखन आहे, आणि माझं मत ठाम त्या बाजूला आहे.

उलट उदाहरण रोझॅन या मालिकेचं. १९९७ च्या शेवटच्या भागात नायिका रोझॅनने सांगितलं की नवरा डॅन वारला आणि तुम्ही जे बघितलं ते बरंचसं तिने लिहिलेल्या पुस्तकातलं होतं. २०१८ ला मालिका परत आली तेव्हा डॅन पलंगावर श्वासाचा मास्क लावून झोपलेला, ती त्याला हलवते आणि म्हणते मला वाटलं तू मेलास. टाळ्या पडल्या, पण आधीच्या शेवटावर रडलेल्या माणसांचं काय? बिग बँग थिअरीत शेल्डन सांगतो की तेराव्या वर्षी त्याने वडिलांना परक्या बाईबरोबर पाहिलं आणि तेव्हापासून तो तीनदा दार वाजवतो. त्याच्या लहानपणावरच्या यंग शेल्डन या मालिकेत तेच वडील सात सीझन इतके भले निघाले की २०२४ च्या शेवटच्या सीझनमध्ये ती परकी बाई म्हणजे सोनेरी विग घातलेली आईच होती असं दाखवलं. त्या विगला मी फ्रेझरच्या रांगेत बसवेन, कारण पोराने अर्धवट बघितलेलं आयुष्यभर खरं मानणं हे त्या पोराला शोभतं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र एक नवाच प्रकार सुरू झालाय आणि त्यात मूळ माणसांचा काहीच दोष नाही. जुने सिटकॉम चौकोनी टीव्हीसाठी फ्रेम केलेले. फ्रेंड्स ३५ एमएम फिल्मवर होती, रुंद टीव्हीसाठी नवी प्रत काढताना फ्रेम कडेने उघडली, आणि जे कधी दिसणारच नव्हतं ते आत आलं. एका ठिकाणी मोनिकाच्या जागी चक्क दुसरीच बाई आहे, शॉट दुसऱ्याच्या चेहऱ्यावर म्हणून जागा भरायला उभी केलेली. मूळ प्रतीत ती नाहीच. साइनफेल्डचं तर उलटं झालं, २०२१ ला नेटफ्लिक्सवर आली तेव्हा फ्रेम रुंद दिसावी म्हणून वरून-खालून कापलेली. रस्त्यातल्या खड्ड्याचा एक आख्खा भाग आहे, जॉर्जच्या किल्ल्या त्या खड्ड्यात बुजल्या गेल्यात. जेरी आणि जॉर्ज रस्त्यात उभे राहून खाली बघतायत, बोलतायत, आणि ज्याच्याकडे बघतायत तो खड्डा फ्रेमच्या खालच्या कडेबाहेर गेलाय.