मदतीच्या पत्रावर सही करण्याआधी

विद्यापीठाकडून आर्थिक मदतीचे पत्र आले की नजर आधी तळाच्या एकूण रकमेवर जाते. त्या रकमेवरून निर्णय घेऊ नका, असे आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याला आग्रहाने सांगतो. त्या एका बेरजेत अनुदान, शिष्यवृत्ती, विद्यापीठातल्या अर्धवेळ कामाचा मोबदला आणि कर्ज असे सगळे एकत्र असू शकते. पेन्सिल घ्या आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा: हे पैसे परत करायचे आहेत का?

अनुदान आणि शिष्यवृत्ती सहसा परत करावी लागत नाही. अनुदान बहुतेक वेळा कुटुंबाचे उत्पन्न पाहून देतात, शिष्यवृत्ती गुण, संशोधन किंवा खेळातली कामगिरी पाहून. मात्र नावावर विसंबू नका. कित्येक शिष्यवृत्त्यांनाही उत्पन्नाची अट असते. कामाचा मोबदला काम केल्यावरच हाती येतो, म्हणून पहिल्या सत्राची फी त्यातून भरता येईल असे धरू नका. कर्जाचा रकाना वेगळाच ठेवा.

आता वर्षाचा पूर्ण खर्च मांडा: फी, राहणे, जेवण, पुस्तके, विमा, प्रवास. त्यातून फक्त परत न करायची रक्कम वजा करा. समजा एका विद्यापीठाचा खर्च १० लाख आणि अनुदान ४ लाख आहे, दुसऱ्याचा खर्च ७ लाख आणि अनुदान २ लाख. पहिल्याचे अनुदान दुप्पट, तरी तिथे तुम्हाला ६ लाख उभे करावे लागतील आणि दुसरीकडे ५ लाख. पालकांसोबत बसून हा हिशोब कराच.

कर्ज घ्यावेच लागले, तर शिक्षण चालू असताना व्याज चढते का, ते पाहा. १ लाखावर दरसाल १० टक्के सरळव्याज धरले, तर ४ वर्षांत ४० हजार व्याज होते. ते मुद्दलात मिळवले गेले, तर पुढचे व्याज १ लाख ४० हजारांवर लागते. शिकत असतानाच व्याजापुरती रक्कम भरत राहणे जमत असेल, तर जरूर भरा.

पुढच्या वर्षांचे काय, हा प्रश्न सर्वांत जास्त राहून जातो. मदत एकाच वर्षाची आहे की पूर्ण अभ्यासक्रमाची? दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो का? किती गुण टिकवावे लागतात, एखादा विषय राहिला तर काय होते? फी वाढली तर अनुदानही वाढते का? उत्तरे विद्यापीठाकडून लेखी मागा. बाहेरच्या संस्थेची शिष्यवृत्ती मिळाली तर तेही कळवावे लागते. काही विद्यापीठे तेवढे स्वतःचे अनुदान कमी करतात. कपात अनुदानातून न करता कर्जाच्या भागातून करावी, अशी विनंती करून पाहा. विचारल्याने काही बिघडत नाही.

काही शिष्यवृत्त्यांच्या अटी शिक्षणानंतरही लागू राहतात. ब्रिटिश सरकारची चिव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च उचलते, पण नंतर किमान २ वर्षे मायदेशी परतण्याची अट घालते. तिकडेच नोकरी करायचा बेत असेल, तर अर्जाआधीच विचार करा. अशा मोठ्या शिष्यवृत्त्यांची मुदत अभ्यासक्रम सुरू होण्याच्या बरेच महिने आधी संपते, तेव्हा प्रवेश निश्चित होईपर्यंत थांबू नका. शिफारसपत्रासाठी प्राध्यापकांना निदान महिनाभर तरी द्या.

शिष्यवृत्ती "नक्की मिळवून देतो" म्हणून कोणी आगाऊ पैसे किंवा बँकेचा ओटीपी मागितला, तर व्यवहार तिथेच थांबवा. आम्हीही मिळण्याची हमी देत नाही आणि मंजूर रकमेतून हिस्सा घेत नाही. आमचे शुल्क अर्ज तपासण्याचे आणि पत्र समजावून देण्याचे, ते आधीच सांगितलेले असते. निबंध तुमचा तुम्हीच लिहायचा. आम्ही वाचून प्रश्न विचारू.

भेटीला येताना मदतीचे पत्र, गुणपत्रिका, उत्पन्नाचा पुरावा आणि पासपोर्ट आणा. नावाचे स्पेलिंग सगळीकडे सारखे आहे का, ते घरीच पाहून ठेवा. फरक असल्यास दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ते काम आधी हाती घेऊ.