तणनाशकाचा झटका (परसबागेतला भाजीपाला)

तणासाठी मारलेलं औषध चुकून भाजीच्या झाडाला लागलं आणि झाड आकसलं, पिवळं पडलं किंवा करपलं, तर त्याला तणनाशकाचा झटका बसला असं म्हणतात. जळगाव, धुळे, नंदुरबार पट्ट्यात घरामागे वांगी, टमाटे, मिरची, भेंडी, गिलकं (घोसाळं), गंगाफळ (लाल भोपळा) लावलेलं असतं आणि बांधापलीकडेच मका, गहू, ऊस नाहीतर कापूस असतो, त्यामुळे शेजारची फवारणी परसबागेवर यायला वाऱ्याची एक झुळूकही पुरते.

सगळ्यात जास्त गोंधळ टू-फोर-डी (2,4-D) या तणनाशकामुळे होतो. हे औषध रुंद पानाच्या तणांसाठी आहे, मका, गहू, ज्वारी, उसात चालतं, पण कापूस, वांगं, टमाटं आणि वेलभाज्या त्याला फार नाजूक. त्याचा शोध कोणी लावला यावर मतं वेगवेगळी आहेत. अमेरिकेत पोकॉर्नी यांनी 1941 मध्ये ते तयार करण्याची पद्धत छापली, 1942 मध्ये झिमरमन आणि हिचकॉक यांनी ते झाडाच्या वाढीवर संप्रेरकासारखं, म्हणजे झाडातल्या वाढ ठरवणाऱ्या रसायनासारखं, काम करतं हे दाखवलं, तर ब्रिटनमध्ये टेम्पलमन यांचा गट आणि रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्राचे लोक साधारण त्याच काळात तणांवर प्रयोग करत होते, पण युद्धातल्या गुप्ततेमुळे त्यांचं काम 1945 पर्यंत छापून आलं नाही. छापील तारखा बघितल्या तर अमेरिका पुढे दिसते, तरी दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागलेला शोध मानणं जास्त पटतं. संप्रेरकाचा हा मुद्दा परसबागेसाठीही कामाचा आहे. टमाट्याला फळं धरावीत म्हणून हेच रसायन लिटरला 2 ते 5 मिलिग्रॅम इतक्या कमी प्रमाणात वापरायची शिफारस जुन्या बागायती पुस्तकांत सापडते, म्हणजे प्रमाण चुकलं की तेच औषध झाड वाकवतं. टू-फोर-डी वेगवेगळ्या रासायनिक प्रकारांत मिळतं, त्यातलं एस्टर प्रकारातलं औषध उन्हात वाफ होऊन उडतं, आणि तापी खोऱ्यातली उन्हं कशी असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. अमाईन आणि सोडियम मीठाचे प्रकार त्यामानाने कमी उडतात.

टू-फोर-डी लागलेल्या झाडाचा शेंडा खाली वाकतो, देठ पिळतात, नवीन पानं अरुंद, लांबट होतात आणि त्यांच्या शिरा एकमेकींना समांतर दिसतात. मिरचीवर तर हे थेट बोकड्या म्हणजे चुरडामुरडा वाटतं, म्हणून लोक थ्रिप्स (फुलकिडे), कोळी, व्हायरस समजून एकावर एक औषधं मारत बसतात आणि आधीच दमलेल्या झाडाला अजून त्रास होतो. ओळखायची खूण पानापेक्षा पसरण्याच्या तऱ्हेत जास्त आहे. एका बाजूला जास्त, आत जाता जाता कमी, शिवाय वांगं, भेंडी, गिलकं सगळ्यांवर एकाच आठवड्यात आलं तर वाऱ्याने आलेलं औषध समजावं. व्हायरस बहुतेक एकाच पिकावर, इकडे एक तिकडे एक असा सुरू होतो आणि हळूहळू वाढतो. सगळ्या वाफ्यावर सारखंच दिसत असेल तर आपलाच फवारणीचा पंप आधी तपासावा, तणनाशक मारून नीट न धुतलेल्या पंपात कीटकनाशक भरलं की असंच होतं.

बाकीच्या तणनाशकांच्या खुणा वेगळ्या, ग्लायफोसेटने शेंडा पिवळा-पांढरा पडतो आणि पुढची पानं बारीक येतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरायचं बंधन घातलं. पॅराक्वाट जिथे थेंब पडेल तिथेच जाळतं, आत फारसं जात नाही. मक्यात मारलेलं ॲट्राझिन मातीत राहतं, मका काढून लगेच भाजी लावली तर जुनी पानं कडेने पिवळी होतात.

झाड सावरतं का, हे औषधावर आणि किती लागलं त्यावर आहे. उतारा म्हणून कुठलंच औषध नाही. लक्षात आलं तेव्हाच साध्या पाण्याने पानं धुतली तर थोडा फायदा होऊ शकतो, दुसऱ्या दिवशी धुवून काही उपयोग नाही कारण तोवर औषध आत गेलेलं असतं. वाकलेलं पान परत सरळ होत नाही, म्हणून त्याच्याकडे बघून झाड उपटायची घाई करू नये, दोनतीन आठवडे नवीन फुटव्याकडे लक्ष ठेवावं. तो नीट आला तर झाड वाचलं, शेंडाच मेला असेल आणि खालून फूट येत नसेल तर काढून टाकलेलं बरं. तोवर पाणी वेळेवर, खत हलकं. कृषी केंद्रावर 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत), ह्युमिक ॲसिड, जिबरेलिक ॲसिड (वाढीचं संप्रेरक) हे सगळं सुचवलं जातं, साध्या विद्राव्य खताने फुटायला थोडी मदत होते असं मानलं जातं, जिबरेलिकबद्दल मात्र सावध राहावं, आधीच संप्रेरकाने बिघडलेल्या झाडाला अजून एक संप्रेरक कशाला. पॅराक्वाटचे डाग पडलेली झाडं बहुतेक सावरतात, ग्लायफोसेटची कमी.

झटका बसला तेव्हा झाडावर असलेली फळं खाऊ नयेत. भरीताच्या वांग्यावर जीव कितीही असला तरी तोडून टाकावीत, कारण त्या भाजीवर ते औषध मारायची शिफारसच नसेल तर तोडणीआधी किती दिवस थांबायचं हे डब्यावर लिहिलेलं नसतं. मातीवर शंका असेल तर कुंडीत ती माती भरून काकडी किंवा चवळीचं बी टाकावं, पानं सरळ आणि हिरवी आली तर वाफा वापरता येतो. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा, ते जमत नसेल तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने तीनदा धुवावा, नळी आणि नोझलसकट. फवारा वारा पडलेला असताना मारावा हे सगळे सांगतात, पण थंडीतल्या पहाटे अगदी हवा हलत नसते तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहून लांब जातात, म्हणून ऊन थोडं वर आल्यावर, मंद वाऱ्यात आणि नोझलला हूड (फवारा उडू नये म्हणून झाकण) लावून मारलेलं बरं.