कार्य आयोजना

एखाद्या वनविभागातले जंगल पुढची दहा वर्षे कसे राखायचे, कुठे तोड करायची आणि कुठे कुऱ्हाड लावायची नाही, हे कक्षनिहाय (कक्ष म्हणजे जंगलाचा आखून दिलेला तुकडा) ठरवून देणारा दस्तऐवज. 1988 च्या राष्ट्रीय वननीतीने पर्यावरणाचा समतोल आधी, लाकडाचे उत्पन्न नंतर, असा क्रम लावला; तो प्रत्यक्षात उतरतो या आयोजनेतून. तिच्यासाठी देशभर एकच संहिता आहे (2004, सुधारित 2014 आणि 2023). सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातील 12 डिसेंबर 1996 च्या आदेशानुसार केंद्राने मंजूर केलेल्या आयोजनेबाहेर जंगलात वृक्षतोड करता येत नाही. त्यामुळे मुदत संपली आणि हाती मुदतवाढ नसली, की कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, बंद पडतात.

महाराष्ट्र वन विभागाचे मुख्यालय आणि केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचे प्रादेशिक कार्यालय ही दोन्ही नागपुरात आहेत. प्राथमिक अहवाल, मोजणी, मसुदा, मंजुरी हा आयोजनेचा क्रम.

खरी मदार मोजणीवर. नमुना प्लॉट 0.1 हेक्टरचा, बाजू 31.62 मीटर, मध्यबिंदूपासून कर्णावर 22.36 मीटर मोजून कोपरे ठरवतात. उतारावर टेप जमिनीलगत धरला तर प्लॉट लहान भरतो. अंतर आडवेच धरावे लागते. झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर, उताराच्या वरच्या बाजूने, वेल काढून घेतात. त्या उंचीखाली फाटा फुटला असेल तर दोन झाडे धरतात. सीमेवरचे एक झाड चुकून आत घेतले की त्या प्लॉटच्या हिशेबात हेक्टरी दहा झाडे वाढतात, आणि तोडीचे प्रमाण याच आकड्यांवरून निघते.

मग उद्दिष्टानुसार वर्किंग सर्कल, म्हणजे एकाच पद्धतीने राखायची क्षेत्रे, पाडतात. नागपूरकडच्या शुष्क पानझडी जंगलात साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह. चांगल्या सागपट्ट्यात निवड पद्धतीने (सरसकट नव्हे, निवडक झाडांची) तोड, विरळ भागात रोपवन. तोडचक्र (त्याच जागी पुन्हा तोड येईपर्यंतचा काळ) 20 वर्षांचे असेल तर तोडीच्या मालिकेचे 20 कूप होतात, दरवर्षी एक. तोडीनंतर कूप चराईला बंद हवा. शेळ्या शिरल्या की खुंटांचे फुटवे संपलेच. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात, म्हणून जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) त्याआधीच साफ व्हायला हव्यात. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात. तिथूनच आग पसरते. बंदोबस्त कागदावर सोपा, मार्चमध्ये अवघड.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा स्वतःचा आराखडा करतात. तो आयोजनेशी जोडून घ्यायचा असतो. पण गावाची पारंपरिक हद्द कक्षाच्या रेषेवर क्वचितच बसते, आणि मग एकाच तुकड्यासाठी दोन आराखडे उरतात.