एलडीएलचा आकडा कुठे ठरतो?
लिपिड प्रोफाइल करून घेणाऱ्यांसाठी आमच्या लॅबचं माहितीपत्रक

एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण. त्याचा रिपोर्ट हातात पडला की काउंटरवर दोन प्रश्न हमखास येतात. "तेलकट फारसं खात नाही, तरी एलडीएल एवढं कसं?" आणि "कोलेस्टेरॉलची गोळी थांबवली की पुन्हा वाढतं, म्हणजे सवयच लागली ना?" दोन्हींची उत्तरं यकृताच्या पेशीत आहेत. (उपचार ठरवणार तुमचे डॉक्टर. आमचं काम मोजण्याचं.)

रिपोर्टवर रक्तातलं कोलेस्टेरॉल असतं. पेशी मात्र स्वतःच्या आतलं मोजते, आणि तेही आंतर्द्रव्यजालिका नावाच्या आतल्या पडद्यात. तिथे एसआरईबीपी-२ हे प्रथिन अडकवून ठेवलेलं असतं. पडद्यातल्या स्निग्ध रेणूंमध्ये कोलेस्टेरॉल साधारण ५ टक्क्यांच्या वर असेल तर हे प्रथिन जागचं हलत नाही. कोलेस्टेरॉल त्याखाली गेलं की प्रथिन सुटतं आणि गॉल्जी पिंडात (पेशीतल्याच दुसऱ्या एका भागात) पोचतं. तिथे दोन विकरं (एन्झाइम) त्याला एकामागून एक कापतात, आणि सुटा झालेला तुकडा केंद्रकात शिरून थेट डीएनएवर जाऊन बसतो. मग कोलेस्टेरॉल बनवणारी जनुकं जोरात चालू होतात, सोबत एलडीएल रिसेप्टरचं जनुकही. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या अंगावरचा आकडा (अडकवायचा, रिपोर्टवरचा नव्हे!). एलडीएलचा कण त्यात अडकतो, आत ओढला जातो, आणि साधारण १० मिनिटांत रिकामा रिसेप्टर पुन्हा बाहेर हजर. या सगळ्यात जनुकाचा मजकूर तोच राहतो. ते किती वेळा वाचलं जातं, तेवढं बदलतं.

आता पहिला प्रश्न. शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. यकृतावर रिसेप्टर कमी असले, तर एलडीएल रक्तात रेंगाळतं आणि आकडा चढतो. संपृक्त स्निग्धांश (सॅच्युरेटेड फॅट) जास्त खाल्ल्यानेही रिसेप्टरचं काम मंदावतं, म्हणून पथ्याला अर्थ आहेच. काहींच्या बाबतीत मात्र रिसेप्टरच्या जनुकातच जन्मजात दोष असतो. असा घराण्यात चालत येणारा विकार साधारण २५० ते ३०० माणसांत एकाला असतो. अशाच रुग्णांच्या पेशी तपासताना मायकल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना हा रिसेप्टर सापडला. १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. घरात कमी वयात हृदयविकार झालेलं कुणी असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दुसरा प्रश्न. स्टॅटिन, म्हणजे एलडीएल उतरवणारी नेहमीची गोळी, पेशीतलं कोलेस्टेरॉल बनवणारं एक विकर अडवतं. आतला साठा घटतो, वर सांगितलेली साखळी सुरू होते, रिसेप्टर वाढतात आणि ते रक्तातलं एलडीएल उपसतात. गोळी थांबली की आतला साठा भरतो, रिसेप्टर घटतात, काही आठवड्यांत आकडा मूळपदावर येतो. याला सवय म्हणत नाहीत. एक गंमत मात्र आहे: तोच एसआरईबीपी-२ पीसीएसके-९ चं जनुकही चालू करतो, आणि हे प्रथिन रिसेप्टर मोडीत काढतं. पेशी एका हाताने देते, दुसऱ्याने काढून घेते. डोस दुप्पट केला तरी एलडीएल जेमतेम ६ टक्के आणखी उतरतं, त्यामागचं एक कारण हेच.

रिपोर्टवरच्या ट्रायग्लिसराइडचं (रक्तातल्या चरबीचं) थोडक्यात. त्यातली मेदाम्लं पीपीएआर-अल्फा या प्रथिनाला जागं करतात, आणि ते मेद जाळणारी जनुकं चालू करतं. फायब्रेट गटातली औषधं हीच कळ दाबतात.

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर पुन्हा तपासणी साधारण ४ ते १२ आठवड्यांनी करतात. आठवड्याभरात आलात तर परिणाम अर्धवट दिसेल आणि उगाच घोर लागेल. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर नेहमीच्या सूत्राने काढलेलं एलडीएल भरवशाचं नसतं. तेव्हा थेट मोजणीबद्दल काउंटरवर विचारा. येताना जुना रिपोर्ट आणा, आणि मधल्या काळात गोळ्या चुकल्या असतील तर तसं स्पष्ट सांगा. आम्ही रागावत नाही, रिपोर्टवर नोंद करतो.