सतराचे अलॉय आणि मुंबईचे खड्डे

"पंधराचे काढले, सतराचे टाकले" असं कुणी छाती फुगवून सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं चाकं दोन इंचांनी मोठी झाली. तसं खरंच झालं असेल, तर काम चुकलंय. मोठी व्हायची ती फक्त रिम, म्हणजे टायर ज्यावर बसतो ते धातूचं चाक (अलॉय ही मिश्रधातूची रिम). टायरसकट चाकाची उंची होती तेवढीच राहायला हवी.

टायरवर समजा १८५/६५ आर १५ लिहिलंय. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, १५ हा रिमचा इंचांतला व्यास. मधले ६५ पुष्कळांना मिलिमीटर वाटतात, पण ते टक्के आहेत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२० मिमी, ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची. ती वर आणि खाली अशी दोनदा धरून रिमचे १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी, मिळवले, की साधारण ६२१ होतात. सतराच्या रिमवर २०५/४५ चढवला तर ६१६ भरतात, एक टक्काही फरक नाही. पण दुकानात आहे म्हणून सोळाच्या रिमवर २०५/६५ घातला, तर ६७३! स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. आधी बिनचूक असलेला काटा ८० दाखवील तेव्हा गाडी ८६ च्या वर पळत असेल. फरक ३ टक्क्यांच्या आत ठेवावा.

आता खरी गंमत. सतराच्या हिशेबात साइडवॉल १२० ची ९२ झाली. हे २८ मिमी कुठे लागतात? टायरमध्ये ३३ पौंड हवा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलो. चाकावर ३०० किलो भार असेल, तर टायर सुमारे १३० चौरस सेंटिमीटर जमिनीवर टेकतो, पोस्टकार्डाएवढा. पण रिमला कोण धरतं? साइडवॉलमधले धागे हवेमुळे ताणलेले असतात आणि रिमला सगळीकडून बाहेर ओढत असतात. खाली टायर दबून फुगतो, तिथली ओढ ढिली पडते. वरची तशीच राहते. म्हणजे रिम खालून टेकलेली नसते, वरून टांगलेली असते!

पावसात पाण्याखालच्या खड्ड्याची धार लागते, तेव्हा टायर आत दबतो. उंची संपली की रिम आणि धार यांच्यात साइडवॉल चिमटते, धागे तुटतात, रबर मात्र शाबूत राहतं. मग तिथून हवा बाहेर रेटते आणि फुगा येतो. असा टायर फेकायचाच. टायर इथे स्प्रिंगसारखा, आणि स्प्रिंग पचवते ती ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ताठपणा तोच धरला, तर ९२ भागिले १२० चा वर्ग ०.५९, म्हणजे उरलेली सुमारे ४१ टक्के ऊर्जा रिमच्या आणि सस्पेन्शनच्या वाट्याला.

नव्या चाकांखाली लिंबं चिरडून या गणितात फरक पडत नाही. नायट्रोजन भरूनही नाही. साध्या हवेत तो ७८ टक्के असतोच.

बाकीचं थोडक्यात. २०५/४५ ला ६.५ ते ७.५ इंच रुंद रिम लागते. ऑफसेट, म्हणजे रिम आत-बाहेर किती सरकून बसते ते माप, चुकलं तर टायर आत किंवा बाहेर घासतो. मूळ टायरवर भाराचा क्रमांक ८८ असेल, तर तो ५६० किलो पेलतो. नवा त्याहून कमी नको. २०५/४५ आर १७ मध्ये ८४ चेही येतात, ते ५०० किलोचे. दुकानदार आपणहून सांगेलच असं नाही.

मला विचाराल, तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सोळाच्या रिम बघा आणि १९५/५५ घ्या, ९१ क्रमांकाचा. उंची तीच ६२१, आणि साइडवॉल १०७.